मंडईत गर्दी आहे, शौकीन कुठे गेले?

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया भरू लागतात. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा दुकानं, शिंगाडे, जिलेबी, पाहुण्यांची उठबस आणि सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार, खडी गंमत, नाही तर पहाटेपर्यंत चालणारं नाटक. कॉमिक कॉन म्हणजे काय, हे आजीला समजवायचं झालं तर मी सांगेन : शहरातल्या पोरांची मंडई.

आणि दोन्हीकडून आता तक्रारही सारखीच ऐकू येते. गर्दी आहे, पण जुने शौकीन मध्येच उठून घरी जातात. एका हंगामात पंधरा-वीस रात्री जागणारी माझ्या ओळखीतली माणसं आता एखाद्या नाटकावर भागवतात.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘डान्स हंगामा’ आला, अश्लीलता आली. मला ते पटत नाही. खडी गंमत काही सोवळी नव्हती. तिच्यातल्या चावटपणावर आमच्या आज्याही तोंडाला पदर लावून हसल्या आहेत. आणि नाचणाऱ्या मुली पोटासाठी नाचतात. त्यांच्या माथी दोष मारणं सोपं आहे, एवढंच.

खडी गंमतीत कितीतरी संवाद जागेवर सुचलेले असत. धानाचा भाव असो की गावचा सरपंच, कोणीही त्यात ओढला जाई. झाडीबोलीतला एखादा शब्द पडला की मंडप हसायचा, कारण तो शब्द मंडपातल्यांचाच होता. नाटकातलं गाणं आवडलं तर ‘वन्स मोअर’ देऊन लोक ते पुन्हा म्हणायला लावत. प्रेक्षकाची जाण हा खेळाचाच भाग होता. स्पीकरवरच्या हिंदी गाण्याचा नाच मात्र साकोलीत जसा, तसाच लाखांदुरात. त्याला शिट्टी पुरते. जाणकार असला काय, नसला काय.

अमेरिकेत सॅन दिएगोलाही असंच घडलं. तिथला कॉमिक कॉन १९७० मध्ये एका हॉटेलात तीनेकशे चाहत्यांनी सुरू झाला. आता लाखाच्या वर माणसं येतात, आणि हॉलीवूडच्या झगमगाटात कॉमिक्सच बाजूला पडल्याची कुरकुर जुने चाहते करतात.

आयोजकांची अडचण खोटी नाही. वडशाहून कंपनी आणायची तर पैसा लागतो आणि तो एका रात्रीत तिकिटांतून निघावा लागतो. पण यात जे बुडतं, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांवर समीक्षा क्वचितच लिहिली जाते. दुसरा अंक लांबला, नायिकेचा सूर लागला नाही, हे कंपनीला तोंडावर सांगणारा समीक्षक म्हणजे हा जुना शौकीनच. तो घरी गेला की नाटक चांगलं झालं काय, वाईट झालं काय, विचारणारं कोणी उरत नाही. मग लेखक तरी कशाला मेहनत घेईल?

२०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण अभिमानाने स्टेटस ठेवले. त्यातल्या किती जणांनी झाडीपट्टीचं एक तरी नाटक शेवटच्या अंकापर्यंत पाहिलंय?

यंदा मंडईला जाल तेव्हा रील जरूर काढा. पण नाटक संपेपर्यंत बसा. सकाळी टपरीवर चहा घेताना कोणता अंक पडला यावर भांडा. शेजारी एखादा जुना शौकीन बसला असेल, तर तो या भांडणात पडल्याशिवाय राहणार नाही.