सेगाव, शेगाव आणि संगणकाची डिस्क

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास आले आणि टपालाचा घोळ सुरू झाला. बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव प्रसिद्ध, शिवाय रेल्वेमार्गावरचे. पत्रे तिकडे जात. अखेर १९४० साली गावाचेच नाव 'सेवाग्राम' करण्यात आले. संगणकाच्या डिस्कबाबत असा घोळ आजही होतो, आणि त्यावर लिनक्समध्ये रूढ झालेला उपाय मला अर्धाच पसंत आहे.

लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे देते ती त्या सापडतील त्या क्रमाने. वर्गात जो आधी शिरेल त्याला रोज पहिला हजेरी क्रमांक द्यावा, तसे हे आहे. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. अशा नावावर विसंबून मी स्वतः एकदा भलतीच डिस्क पुसली. वर्षभराची निरीक्षणे गेली.

कोणती डिस्क कोठे जोडावयाची याची यादी 'एफएसटॅब' या फाइलमध्ये असते. तीत यूयूआयडी लिहावा, असे जाणकार सांगतात. उबुंटू तर तो आपणहून लिहिते. फाइल-व्यवस्था तयार होतानाच तिला मिळणारा हा १२८ बिटांचा क्रमांक. त्यातले १२२ बिट यदृच्छेने ठरतात, म्हणजे शक्यता सुमारे ५ वर ३६ शून्ये इतक्या! योगायोगाने दोन क्रमांक सारखे निघण्याची भीती नाही. भीती नकलेची आहे. शाळेत एका संगणकाची डिस्क जशीच्या तशी उतरवून बाकीच्यांत घालतात, तेव्हा क्रमांकही उतरतो. अशा जुळ्या डिस्क एकाच यंत्राला लावल्या तर एक्सएफएस दुसरी जोडण्यास नकार देते. इतरत्र कोणती उघडेल याचा भरवसा नाही. शिवाय हे ३२ षोडशमान अंक फळ्यावरून उतरवून घ्या म्हटले, तर निम्मा वर्ग चुकेल.

माझा कौल लेबलला, म्हणजे आपण ठेवलेल्या नावाला. मात्र येथे एक अन्याय आहे. ईएक्सटी४ लेबलसाठी १६ बाइट देते. रोमन लिपीची १६ अक्षरे त्यात मावतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. 'वर्धा' १५ बाइटांत कसेबसे बसते, 'सेवाग्राम'ला २७ लागतात. तेव्हा तूर्त लेबल रोमन अक्षरांत द्यावे, दोन डिस्कना नुसते 'बॅकअप' म्हणू नये, आणि दिलेले नाव चिठ्ठीवर लिहून डिस्कच्या पाठीवर चिकटवावे.