जोपासनेची नीती आणि न्यायाचा प्रश्न : चिपकोविषयक एका वादाची मीमांसा

स्त्रीवादी नीतिविचारात ‘जोपासना’ या संकल्पनेस प्रतिष्ठा लाभली ती कॅरोल गिलिगन यांच्या ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ (१९८२) या ग्रंथामुळे. हक्क व नियम यांवर आधारलेल्या न्यायनिष्ठ दृष्टीहून निराळी, नातेसंबंध व दायित्व यांना प्राधान्य देणारी नैतिक दृष्टी संभवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पर्यावरणाच्या क्षेत्रात या दृष्टीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही चिपको आंदोलनावरील वादात स्पष्ट होतात.

२६ मार्च १९७४ रोजी चमोली जिल्ह्यातील रैणी येथे गावचे पुरुष भूसंपादनाच्या भरपाईसाठी बाहेर गेले असता, गौरादेवी यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी ठेकेदाराच्या माणसांना वृक्षतोड करू दिली नाही. वंदना शिवा यांनी ‘स्टेइंग अलाइव्ह’ (१९८८) मध्ये अशा प्रतिकाराचा अर्थ प्रकृती या स्त्रीतत्त्वाच्या आधारे लावला. वनशास्त्राने व विकासाच्या अर्थशास्त्राने ज्यांची गणनाच केली नव्हती, ते स्त्रियांचे ज्ञान आणि श्रम विचाराच्या केंद्रस्थानी आणले, हे या मांडणीचे श्रेय निर्विवाद होय. परंतु जोपासना हा स्त्रीचा स्वभाव मानला, की तिच्यावर पडलेला भार हाच तिचा सद्‌गुण ठरतो. आणि सद्‌गुणाच्या वाटपाचा हिशेब कोणी मागत नाही.

बीना अगरवाल यांनी ‘फेमिनिस्ट स्टडीज’ या नियतकालिकातील १९९२ च्या लेखात नेमक्या या ठिकाणी आक्षेप घेतला. ‘स्त्री’ हा एकजिनसी वर्ग नव्हे; वर्ग, जात व प्रदेश यांनुसार निसर्गाशी असलेले नाते बदलते, आणि ते श्रमविभागणी व मालमत्ता यांतून घडते, असे त्यांचे म्हणणे. डुंग्री-पैंतोलीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे १९८० मध्ये बांज वृक्षांचे वन तोडून बटाट्याच्या बियाण्याचे क्षेत्र उभारण्याची योजना होती. रोख उत्पन्नाच्या आशेने पुरुषांनी तिला पाठिंबा दिला. स्त्रियांनी विरोध केला, कारण सरपणासाठीची पायपीट पाच किलोमीटरांनी वाढणार होती, आणि पुरुषांच्या हाती येणारा पैसा घरात येईलच याची शाश्वती नव्हती. विरोध यशस्वी झाला.

तथापि, केवळ हितसंबंधांचे स्पष्टीकरणही अपुरेच पडते. स्त्रियांचा दावा सरपणापुरताच असेल, तर पर्यायी इंधन मिळताच तो संपुष्टात यावयास हवा. मग वनाविषयीच्या दायित्वाचे काय? जोन ट्रोन्टो यांचा ‘मॉरल बाउंड्रीज’ (१९९३) हा ग्रंथ येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते जोपासना ही वृत्तीपेक्षा कृती अधिक आहे : जग राहण्यायोग्य ठेवण्याचे, त्याची डागडुजी करण्याचे काम, आणि त्या जगात शरीराप्रमाणेच परिसरही येतो. हे काम इतरांवर सोपवून त्यापासून अलिप्त राहण्याची मुभा समाजातील प्रबळांना मिळते. त्या मुभेस त्यांनी विशेषाधिकारजन्य बेजबाबदारपणाचे स्वरूप म्हणून ओळखले.

या दृष्टीने पाहता डुंग्री-पैंतोलीतील प्रश्न दुहेरी ठरतो. हानीचा भार कोणावर, हा त्याचा एक भाग. ज्यांच्या श्रमावर वन आणि घर यांचा संबंध टिकून होता, त्यांना वगळून निर्णय कसा होऊ शकला, हा दुसरा. पर्यावरणीय न्याय पहिल्या भागापाशीच थांबला, तर तो नुकसानभरपाईचा व्यवहार होतो. उलट, जोपासनेची नीती दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष करील, तर ती त्यागाचे गौरवगान होऊन बसते.

२००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेच्या उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे. निर्णयातील सहभागाच्या दिशेने ही तरतूद महत्त्वाची खरी. परंतु सभेहून परतलेल्या स्त्रीच्या डोक्यावरील मोळी तिने हलकी होत नाही. निर्णयाच्या अधिकाराबरोबर जोपासनेच्या श्रमाचीही फेरवाटणी कशी व्हावी, याचे उत्तर शिवा व अगरवाल यांच्या वादात पूर्णपणे मिळत नाही. पुढील विवेचनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.