वारा, पाणी आणि वऱ्हाडी घर

घर कसे असावे हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. पूर्वी गावचा जोशी सांगे, सुतार सांगे, शेजारीण तर न विचारता सांगे. हल्ली त्यांत एका परदेशी पाहुण्याची भर पडली आहे. त्याचे नाव फेंगशुई. दिवाळीची जाळीजळमटे काढून झाली, भिंतींना रंग लागला, की अकोल्याच्या आणि अमरावतीच्या बाजारांतून एक हसरा तुंदिलतनू पुतळा, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, दारात किणकिणणाऱ्या नळ्या आणि लाल फितीने बांधलेल्या हिरव्या कांड्या घरोघर येऊ लागतात. त्यांच्याबरोबर घराला शांती आणि निसर्गाचा सहवास मिळेल असे आश्वासनही येते. या आश्वासनाची, एखाद्या पुस्तकाची करतात तशी चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. मी काही शिल्पशास्त्रज्ञ नव्हे. शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. तथापि घरांविषयी बोलण्याचा कादंबरीकाराला थोडा अधिकार असतोच. त्याला माणसे कुठेतरी राहावयास ठेवावी लागतात.

प्रथम पाहुण्याची नीट ओळख करून घेऊ. फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. या विद्येचा जो जुना ग्रंथ सांगतात तो राहत्या घरांचा नाही. तो प्रेते कुठे पुरावीत याचा आहे. गुओ पू या इ. स. २७६ ते ३२४ या काळात होऊन गेलेल्या विद्वानाच्या नावावर तो मोडतो. त्यातला मुख्य विचार असा की, जमिनीतला प्राण वाऱ्याने उधळला जातो आणि पाण्यापाशी थांबतो. म्हणून वाऱ्यापासून आडोसा असलेली आणि पाणी जवळ असलेली जागा शोधावी. पुढे हाच नियम जिवंत माणसांच्या घरांना लागू झाला. पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि दार दक्षिणेला, हे आदर्श घराचे चित्र ठरले.

आता हा नियम खुळचट आहे काय? मुळीच नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून हाडे गोठविणारा वारा येतो. बेजिंग सुमारे ४० अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला खाली कललेला असतो. तेव्हा पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला करून बसलेले घर उबदार राहते. शेकडो वर्षे थंडी सोसलेल्या शेतकऱ्याचे ते शहाणपण आहे. त्याला प्राणशक्तीची भाषा मागाहून चिकटली असो की आधीपासून असो, मुळाशी निरीक्षण होते.

पण निरीक्षण हे रोपासारखे असते. ते ज्या मातीत उगवले त्या मातीसकट उचलता येत नाही. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे २१ अक्षांशाच्या किंचित खाली आहेत. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर सूर्य भर दुपारी थेट आपल्या माथ्यावर येतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. इथे घराचा वैरी उत्तरेचा वारा नव्हे. डोक्यावरचा तापलेला स्लॅब आणि उतरत्या दुपारी भाजून निघणारी पश्चिमेची भिंत हे आपले वैरी. चिनी शेतकरी ऊन घरात घेण्याची विद्या शोधत होता. वऱ्हाडी शेतकऱ्याला ऊन घराबाहेर ठेवण्याची विद्या हवी होती. त्याने ती शोधलीही होती, आणि तिला कुठलेच नाव न दिल्यामुळे ती आपण विसरलो.

वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या गावात काळी आणि पांढरी असे दोन शब्द ऐकू येतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर भिंत उभी केली तर भिंतही तडकते. म्हणून काळीत कापूस-ज्वारी आणि पांढरीवर घरे, अशी वाटणी झाली. त्याच पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर काटक्या अंथरून वर त्याच मातीचा थर दिलेले धाबे, पुढे ओसरी, अंगणात कडुनिंब. दुपारी बाहेर आग पाखडत असता आत मडक्यासारखा गारवा असे. रात्री सारे घर धाब्यावर नाहीतर अंगणात बाजेवर निजे. वारा आणि पाणी यांचा याहून नेटका हिशेब कोणत्या होकायंत्राने मांडला असता?

तथापि जुन्याच्या गुणगानात वाहून जाण्याचे कारण नाही. त्याच घरांतली माजघरे काळोखी होती आणि चुलीच्या धुराने बायकांचे डोळे जात. गावाच्या रचनेतही दिशा होत्या. पण त्या शांतीसाठी नव्हत्या, तर कोणी कुठे राहावे आणि कोणत्या विहिरीला कोणी शिवू नये हे ठरविण्यासाठी होत्या. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वास्तुविद्येवर अध्याय लिहिला. जमीन पारखण्यासाठी हातभर खड्डा खणून तीच माती परत भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, कमी पडली तर वाईट, अशी एक सरळ परीक्षा त्यात सांगितली आहे. ही परीक्षा एखाद्या इंजिनिअरालाही कौतुकाची वाटेल. पण त्याच अध्यायात जमिनीचा उतार कोणत्या दिशेला असावा हेही वर्णावर्णांप्रमाणे वाटून दिले आहे. पाणी उतारावरून वाहताना कुणाची जात विचारीत नाही. शास्त्राने मात्र विचारली. तेव्हा चिनी असो की देशी, प्रत्येक गृहशास्त्रात दाणे आणि फोल एकाच सुपात असतात. पाखडण्याचे काम वाचकाचे आहे.

फेंगशुईच्या पुस्तकांवर माझा पहिला आक्षेप हाच आहे की, ती पाखडू देत नाहीत. आरसा कुठे, बेडूक कुठे, पलंग कुठे, हे सांगतात. का, हे विचारले की भीती घालतात. दारासमोर झाड असणे म्हणजे म्हणे घरावर रोखलेला विषारी बाण! या एका वाक्याने काय होते ते मी पाहिले आहे. अमरावतीच्या एका जुन्या वस्तीत माझ्या ओळखीच्या कुटुंबाचे पश्चिमाभिमुख घर आहे. दारासमोर तीस-चाळीस वर्षांचा कडुनिंब होता. धंद्यात खोट आली तेव्हा कोणा सल्लागाराने तो बाण दाखवून दिला आणि दोन दिवसांत झाड आडवे झाले. धंद्याचे पुढे काय झाले ते सोडून देऊ. ते झाडाच्या हाती नव्हतेच. पण पुढच्या वैशाखात त्यांची ओसरी दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत निरुपयोगी झाली. त्या घरातली म्हातारी मला म्हणाली, “मास्तर, झाड व्हतं तवा चार बाया डाय निवडाले येऊन बसत. आता कोनी फिरकत नाही.” घराची शांती कशात होती, ते शास्त्रापेक्षा म्हातारीला अधिक ठाऊक होते.

गंमत अशी की आपल्या वराहमिहिरानेही काही झाडे घराजवळ अशुभ मानली आहेत. परंतु ती तोडायची नसतील तर त्यांच्या मधे पुन्नाग, अशोक, अरिष्ट, बकुळ, फणस, शमी यांसारखी चांगली झाडे लावावीत, असा तोडगाही त्याने दिला आहे. अरिष्ट म्हणजे कडुनिंब असा अर्थ सांगतात. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीचा ज्योतिषी कुऱ्हाडीऐवजी रोप पुढे करतो आणि आजचा सल्लागार कुऱ्हाड पुढे करतो, याला प्रगती म्हणावयाचे असल्यास म्हणावे.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या नावावर चाललेल्या व्यापाराला आहे. ज्या हिरव्या कांड्यांना लकी बांबू म्हणतात तो बांबूच नव्हे. ती आफ्रिकेत मूळ असलेली ड्रेसिना जातीची वनस्पती आहे. खरा बांबू आमच्या मेळघाटात डोंगरचे डोंगर भरून उभा आहे. कोरकू माणसे त्याच्या भिंती विणून, त्या मातीने लिंपून, रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या सरळ ओळी उभारत आली. धारणी तालुक्यातल्या लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राने त्याच बांबूतून आदिवासींना हाताला काम दिले. त्या बांबूची एक टोपली घरात आली तर निसर्गही येईल आणि कुणाची चूलही पेटेल. तो हसरा पुतळाही गौतम बुद्धाचा नव्हे. तो दहाव्या शतकातल्या बुदाई नावाच्या एका चिनी भिक्षूचा आहे. १९५६ नंतर ज्या वऱ्हाडात घरोघर बुद्धाची प्रतिमा आदराने आली, तिथे तरी हा भेद माहीत असावा.

आणि पाण्याचे काय? दिवाणखान्यात कारंजे ठेवा, पाणी म्हणजे संपत्ती, असे सांगतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी जिभेला लावता येत नाही. अकोला शहर काटेपूर्णा धरणावर तहान भागवते आणि कोरड्या वर्षांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. अशा मुलखात पाणी म्हणजे संपत्ती हे सांगायला चीनहून कोणी यावयास नको. विजेवर गरगर फिरणाऱ्या त्या कारंज्यापेक्षा ओसरीवर वाटसरूसाठी भरून ठेवलेला रांजण अधिक शुभ आहे.

आता कादंबरीकार म्हणून एक प्रश्न विचारतो. या पुस्तकांतल्या घरांत भांडी कोण घासते? त्या गुळगुळीत चित्रांत रांधणारी बाई नाही, खोकणारा म्हातारा नाही, फी मागणारे पोर नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. त्यातल्या कौतिकच्या घराला कोणती दिशा होती हे वाचकाला आठवत नाही. आठवतात तिचे कष्ट, महादेवाचा कच्चा संसार आणि सतत विझू पाहणारी चूल. त्या घरात पलंग हलवून शांती आली असती काय? घराला अशांत करणाऱ्या गोष्टी बहुतेक करून कर्ज, आजार, बेकारी आणि एकाच माणसावर पडलेला कामाचा बोजा या असतात. जे शास्त्र त्यांच्याकडे पाहत नाही आणि भिंतीकडेच बोट दाखविते, ते दुःखाचा पत्ताच चुकीचा सांगते.

एवढे म्हटल्यावर न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ‘घर’ काढावयास सांगतो. स्लॅबच्या दोन खोल्यांत राहणारी ही मुले न चुकता काढतात ती कौलारू झोपडी, मागे दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, समोरून वळत जाणारी नदी आणि कडेला एक झाड. पाठीशी डोंगर, समोर पाणी! गुओ पूचे नावही न ऐकलेल्या पोरांच्या मनात तेच चित्र आहे. अर्थात ही ओढ खरी आहे. खोटी आहे ती तिची किंमत लावणारी बाजारपेठ. या ओढीला पुरावाही आहे. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरकस औषधे कमी लागली. म्हणजे खिडकीबाहेरचे झाड हा बाण नव्हे, ते औषध आहे!

फेंगशुईतला आणखी एक चांगला नियम म्हणजे अडगळ काढा. तोही घेऊ, पण उपकार भलत्याचे मानू नयेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली अमरावतीजवळच देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी हाच नियम एक पैसाही न घेता, हातात खराटा घेऊन उभ्या महाराष्ट्राला शिकविला. फरक इतकाच की, बाबा आपल्या घरापुरते थांबले नाहीत. ते दुसऱ्याचे अंगण झाडीत. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत स्वच्छतेचा विचार केला तो साऱ्या गावाचा. शांती ही एका चार भिंतींत कोंडून ठेवता येत नाही, हे आमच्या या दोन वऱ्हाडी संतांना कळले होते. शेजाऱ्याच्या दारात कचरा लोटून आपल्या दारात घंटा बांधणाऱ्याला ते कळायचे आहे.

मग नव्या घरात काय करावे? पश्चिमेला झाड लावावे. जागा नसेल तर वेल चढवावा किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात, म्हणजे रात्रीचा वारा आरपार जाईल. पावसाचे छपरावरचे पाणी जमिनीत मुरू द्यावे. स्वयंपाकघरात एक खिडकी अशी असावी की रांधणाऱ्या बाईला आकाश दिसेल, आणि तिला तिथून उठून ओसरीवर घटकाभर टेकता येईल एवढी बाकीच्यांनी कामे उचलावीत. या शेवटच्या नियमाला होकायंत्र लागत नाही; म्हणूनच कदाचित तो कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या पणत्या आपण ओसरीवर, तुळशीपाशी, विहिरीच्या काठी आणि गोठ्याच्या दारातही ठेवतो. दिवा लावताना आपण दिशा पाहत नाही. अंधार कुठे आहे ते पाहतो. घर लावतानाही तेवढेच पाहिले तरी पुष्कळ होईल.