खूण कुणाला, बिनखुणेचा कोण?

माझ्या बापाच्या वेळी गिरणीत 'कामगार' आणि 'बदली कामगार' अशी दोन माणसं होती. नुसता कामगार म्हटलं की तो कायमचा, हे वेगळं सांगायला लागत नव्हतं. आता आमच्या खात्यात बहुतेक सगळे कंत्राटी. त्यामुळं नुसता 'कामगार' म्हणजे कंत्राटीच, आणि जे चारपाच म्हातारे कायम उरलेत त्यांना पोरं 'परमनंटवाले' म्हणतात. साचे तेच, सूत तेच. शेपटी तेवढी या नावाची तुटून त्या नावाला लागली.

या शेपटीचं एक शास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. एका मित्रानं इंग्रजी झेरॉक्स दिले. रातपाळी करून डिक्शनरी घेऊन बसलो, तीन महिने लागले. मराठीत पंडित लोक चिन्हांकित आणि अचिन्हांकित म्हणतात. मी खुणेचा आणि बिनखुणेचा म्हणेन.

गोष्ट 1930 सालची. निकोलाय त्रुबेत्स्कोय हा रशियन सरदार घराण्यातला माणूस, क्रांतीनंतर देशोधडीला लागून व्हिएन्नात प्राध्यापक झालेला. त्याचा दोस्त रोमान याकोबसन प्राग शहरात. त्रुबेत्स्कोयनं पत्रात लिहिलं की, भाषेतल्या आवाजांच्या जोड्या सारख्या वजनाच्या नसतात. एकात काहीतरी जादा असतं, दुसऱ्यात ते नसतं. 'प' आणि 'फ' घ्या. 'फ'मध्ये ह-कार जादा, म्हणून तो खुणेचा. 'प' बिनखुणेचा. आणि जिथं हा फरक टिकत नाही तिथं बहुतेक बिनखुणेचाच उरतो. हिंदीवाल्यांचा हाथ, भूख, भीख आपल्याकडं हात, भूक, भीक झालं, म्हणजे शब्दाच्या शेवटी ह-कार गळाला. (भुकेतला ह गळाला, भूक तशीच राहिली, ते जाऊ द्या.)

याकोबसननं त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर दिलं आणि हा विचार आवाजातून उचलून थेट जगण्यात नेला. आयुष्य आणि मरण, स्वातंत्र्य आणि अस्वातंत्र्य, सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस, या जोड्यांतही खूण कुणावर आहे ते शोधा, असं त्याचं म्हणणं. मायकोव्स्की या कवीनं त्याच एप्रिलात स्वतःला गोळी घालून घेतली होती. याकोबसन त्याचा मित्र. तो लिहितो की, या कवीच्या लेखी जगणं हेच खुणेचं होतं. मरायला नाही, जगायला कारण लागायचं. हे वाचलं आणि मी झेरॉक्स बाजूला ठेवला. त्या रात्री पुढं वाचवलं नाही.

1932 साली याकोबसननं रशियन गाढवाचं उदाहरण दिलं. गाढवीण म्हटलं की मादीच. पण गाढव म्हटलं की नर किंवा मादी कुणीही. मात्र 'ही गाढवीण का?' असं विचारलं आणि 'नाही, गाढव' असं उत्तर आलं, की तिथं गाढव म्हणजे नरच. म्हणजे बिनखुणेचा शब्द दोन कामं करतो. तो एका बाजूचंही नाव असतो आणि सगळ्या घराचंही. माझ्या मते या सिद्धान्ताचा सगळा जीव इथं आहे. आपला 'माणूस' बघा. माणूस म्हणजे मनुष्यप्राणी. माणूस म्हणजे पुरुष. 'तिचा माणूस' म्हणजे नवरा. बाई मात्र 'बाईमाणूस'. घराची मालकी एकाच्या नावावर आणि दुसरी पोटभाडेकरू. मराठीला पर्याय नाही असंही नाही, मुलगे आणि मुली मिळून आपण 'मुलं' म्हणतो, तिथं नपुंसकलिंग कामाला येतं. दवाखान्यात उलटं. नर्स म्हणजे बाई, पुरुष असला तर 'पुरुष नर्स'. तर खूण बाईच्या रक्तात नसते. कोण कुठलं काम करतं, त्यावर ती फिरते.

पीटर टियर्स्मा यानं 1982 साली हेच व्याकरणात दाखवलं. एरवी एकवचन बिनखुणेचं, अनेकवचनाला प्रत्यय. पण ज्या वस्तू घोळक्यानंच असतात तिथं हिशोब उलटतो. वेल्श भाषेत 'कोएद' म्हणजे झाडं, आणि एक झाड सांगायचं तर 'कोएदेन' अशी शेपटी लावावी लागते. आमच्या परमनंटवाल्यांसारखं.

आता माझं भांडण. याकोबसननं पुढं 1941 साली मांडलं की, पोर आधी साधे आवाज शिकतं, जादाचे नंतर. 1968 साली चॉम्स्की आणि हॅले यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी बिनखुणेचं ते निसर्गाचं, म्हणून फुकट, आणि खुणेला तेवढी किंमत, असा जमाखर्च मांडला. आवाजापुरतं ठीक असेल. पण 'बिनखुणेचा' आणि 'नैसर्गिक' एका ताटात जेवायला बसले की मला धास्ती वाटते. आपल्याकडं कशाकशाला निसर्ग म्हटलंय ते सांगायला नको.

शाळेतली गोष्ट घ्या. मी 'पानी' म्हणालो आणि वर्ग हसला. मास्तर म्हणाले, 'पाणी म्हण, घरचं बोलणं घरी ठेव.' आता त्रुबेत्स्कोयच्याच कसोटीनं बघा. मराठीत 'ण'नं शब्द सुरू होत नाही, 'न'नं होतो. जिथं फरक टिकत नाही तिथं 'न' उभा राहतो. जगातल्या जवळजवळ सगळ्या भाषांत 'न' आहे, 'ण' थोड्यांकडंच. म्हणजे शास्त्रानं 'न' बिनखुणेचा. माझी जीभ साध्या आवाजावर होती. तरी खूण माझ्यावर पडली. आवाजाची खूण एकीकडं आणि माणसाची खूण बरोबर तिच्या उलट दिशेला! मग ही दुसरी खूण तोंडातून येत नाही, ती ऐकणाऱ्याच्या कानातून येते. हे त्या पुस्तकांत मला कुठं सापडलं नाही.

मार्टिन हास्पेलमाथ नावाचा जर्मन पंडित 2006 साली म्हणाला की, हा शब्दच टाकून द्या. लोक तो बारा निरनिराळ्या अर्थांनी वापरतात, आणि बऱ्याच ठिकाणी साधं उत्तर पुरतं, जे वारंवार बोललं जातं ते आखूड राहतं. माणूस प्रामाणिक आहे, आणि बारा अर्थांबद्दल त्याचं बरोबरच आहे. पण वारंवार कोण बोलतं? कुणाचं बोलणं मोजायचं? 'साहित्य' आणि 'दलित साहित्य' यात शेपटी कुणाला लागली ते मोजणीवरून कळेल, पण कुणी लावली ते कळणार नाही. अर्थात ही शेपटी आपणही हातात धरली, झेंड्यासारखी, आणि चांगलं केलं. तरी नुसतं 'साहित्य' अजून त्यांच्याच नावावर आहे.

म्हणून मला बाबासाहेबांचा एक शब्द या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. 'अस्पृश्य' सगळे म्हणत. 'स्पृश्य' म्हणायची कुणाला गरज पडत नव्हती, ते नुसते 'लोक' होते, 'गाव' होते. बाबासाहेबांनी 'स्पृश्य हिंदू' असं पुन्हा पुन्हा लिहिलं. ज्याला खूण नव्हती त्याला नाव ठेवलं. घराच्या मालकाला सांगितलं की, तूही एका खोलीतच राहतोस.

त्रुबेत्स्कोयचं पुढं काय झालं तेही सांगतो. त्यानं वंशवादाविरुद्ध लिहिलं होतं. 1938 साली नाझी व्हिएन्नात घुसले, गेस्टापोनं त्याच्या घराची झडती घेतली, कागद नेले. त्याच वर्षी जूनमध्ये तो हृदयविकारानं गेला. पुस्तक अपुरंच 1939 साली निघालं. याकोबसन ज्यू. प्राग सोडून डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन करत 1941 साली अमेरिकेला पोचला. त्याच सप्टेंबरात जर्मनीतल्या ज्यूंना कपड्यावर पिवळी चांदणी शिवायचा हुकूम झाला.

संपादकांना एक विनंती. वर जिथं 'पानी' लिहिलंय तिथं कुणी दुरुस्त करू नये.