'ज्ञानवज्र' आणि 'झनाबझार' : मंगोल कलेच्या भारतीयत्वाविषयी

मंगोल देशाची कला व ग्रंथसंपत्ती यांविषयी आपल्याकडे जे साहित्य उपलब्ध आहे, त्याचे फार मोठे श्रेय डॉ. रघुवीर (१९०२–१९६३) यांस द्यावे लागते. लाहोरचे आपले सरस्वती विहार त्यांनी १९४६ साली नागपुरास आणले. तेव्हा या विषयावर महाराष्ट्राचाही थोडासा हक्क पोहोचतो. लिगदान खानाच्या आश्रयाने इ. स. १६२८-२९ मध्ये सिद्ध झालेला आणि १७१७ ते १७२० या काळात पेकिंग येथे लाकडी ठशांवरून छापलेला मंगोल कंजूर रघुवीरांच्या संग्रही होता. त्या प्रतीवरून त्यांचे चिरंजीव लोकेशचंद्र यांनी १९७३ ते १९७९ पर्यंत शतपिटक मालेत १०८ खंडांचे छायामुद्रण केले. मंगोलियात १९३७ पासून दोन-तीन वर्षांत बहुतेक सर्व मठ उद्ध्वस्त झाले, लामांची कत्तल झाली व पोथ्यांच्या राशी जळाल्या, हे ध्यानी घेतले म्हणजे या कार्याचे मोल संग्राहकांस वेगळे सांगावयास नको.

असे असूनही या परंपरेतील लेखनाविषयी आम्हांस एक आक्षेप नोंदवावयाचा आहे. मंगोल कला म्हणजे भारतीय संस्कृतीचाच उत्तरेकडील विस्तार, असे मांडण्याचा कल त्यात वारंवार दिसतो. संस्कृताभ्यासी मनुष्यास हे गोड वाटते व म्हणूनच ते तपासून घेणे अवश्य आहे.

प्रथम नामांचाच विचार करू. मंगोलांचा श्रेष्ठ शिल्पी व पहिला जेबत्सुंदंबा झनाबझार (१६३५–१७२३) याचे नाव 'ज्ञानवज्र' या संस्कृत शब्दाचे रूप आहे. त्याने १६८६ साली मंगोल, तिबेटी व संस्कृत या तिन्ही भाषांसाठी जी लिपी रचली तिचे 'सोयोंबो' हे नाव 'स्वयंभू' वरून आले. येथवर सर्व निर्विवाद होय. परंतु मंगोल भाषेत 'वज्र' या एकाच शब्दाची दोन रूपे नांदतात : एक 'बझार', दुसरे 'ओचिर'. पहिले तिबेटी लामांच्या उच्चारातून आले, दुसरे त्याहून बरेच जुने, उइगुरांच्या मार्फत आलेले. म्हणजे शब्द एक, वाटा दोन, काळही दोन. आणि या दोहोंपैकी एकही वाट थेट भारतातून जात नाही. 'र'काराने शब्दाचा आरंभ करणे मंगोल जिभेस रुचत नाही, म्हणून 'रत्ना'चे 'एर्देनि' आणि 'रसायना'चे 'अर्शान' झाले. अब्ताइ खानाने १५८६ साली स्थापिलेल्या एर्देनि झू मठाच्या नावातील 'एर्देनि' ते हेच. ज्या बृहस्पतीच्या सिंहराशीतील प्रवेशाने आमच्या शेजारी त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो, त्यास मंगोल ज्योतिषी 'बारखसबदि' म्हणतात, शुक्रास 'सुगर' व शनीस 'सांचिर'. हे सर्व ऐकून आमच्यासारख्याचे कान सुखावतात खरे. पण कान सुखावणे हा पुरावा नव्हे.

मूर्तींकडे वळावे. उलानबातर येथील झनाबझारची सितातारा घ्या. ध्यान संस्कृत साधनग्रंथांतले, हे उघडच आहे : हातापायांच्या तळव्यांवरील व भाळावरील नेत्र धरून सात डोळे. ओतकाम व मुलामा यांत नेपाळच्या नेवार कारागिरांची परंपरा स्पष्ट दिसते. यापुढे मात्र उसने काही सापडत नाही. मुखावरील कोवळी, जवळजवळ बालिकेची शांती, अंगाची नितळ घडण, अलंकार असूनही त्यांचा भार न वाटणे आणि ढोलासारखे गोल उंच पीठ, हे सर्व त्या शिल्प्याचे स्वतःचे आहे. मूर्तीचे ध्यान जुळले म्हणजे मूर्ती आपली, असा न्याय लावला तर प्रत्येक टीकाकारास सूत्रकाराच्या पदरी बांधावे लागेल. आणि मार्झान शराव (१८६९–१९३९) याच्या 'मंगोलियाचा एक दिवस' या चित्राचे काय करावयाचे? त्यात नमदा लाटणारी, घोडीचे दूध काढणारी, लग्ने लावणारी व प्रेते नेणारी शेकडो माणसे एकाच पटावर दाटलेली आहेत. त्यास कोणता शिल्पशास्त्राचा श्लोक लावणार?

रघुवीरांनीच संपादिलेली 'आराजि बूजि'ची कथा या दृष्टीने अधिक बोधक आहे. हा आपला राजा भोज. 'राजा' शब्दापुढे स्वर कसा आला ते वर सांगितलेच. विक्रमादित्य तेथे 'बिगर्मिजिद' झाला. टेकाडावर राजा-राजा खेळणारी पोरे, खालून निघालेले सिंहासन, बत्तीस पुतळ्या, हा सांगाडा आपल्या वाचकांस परिचित आहे. वैजनाथ पंडितांची मराठी 'सिंहासनबत्तिशी' १८१४ सालीच श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाली. पण मंगोल कथा हे भाषांतर नव्हे. तिच्या कथकांनी ती आपल्या तंबूत बसून नव्याने सांगितली आहे. तिला मूळ संस्कृताची बिघडलेली प्रत मानून पाठ शुद्ध करू जाणे म्हणजे तिचे तिचेपणच खोडणे होय.

अशा घाईचा मोह दूरच्यांनाच होतो असे नाही. आमच्या हरसूल, पेठ, जव्हार, मोखाडे या मुलखात बोहाडा होतो. देवदैत्यांची सोंगे रात्री मशालींच्या उजेडात संबळाच्या तालावर नाचतात. मंगोल मठांतील 'चाम' नृत्याचे मुखवटेही कागदाच्या लगद्याचे असतात व तेही उग्र देवतांचे. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की नाते जोडण्यास लेखणी उचलावीशी वाटते. पण चाम हे तिबेटातून आलेले, मठाच्या अंगणात दिवसाढवळ्या लामांनी करावयाचे कर्म. बोहाडा हा गावकऱ्यांचा, गावदेवीच्या अंगणातला उत्सव. दोहोंच्या मधली एकही पायरी कोणी दाखविलेली नाही, आणि ती दाखविल्यावाचून साम्य हे साम्यच राहते.

राष्ट्रीय पांडुलिपि मिशनने २०२० पासून मंगोल कंजुराचे खंड पुन्हा छापून काढले, ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या संग्राहकांकडे त्या बाजूचे एखादे पत्र वा मूर्ती आली, तर नोंदवहीत प्रथम मंगोल उच्चार लिहावा, मग तिबेटी वा उइगुर मधला दुवा आणि अखेरीस संस्कृत मूळ. रघुवीरांच्या अनुयायांच्या सूचींत हा क्रम बहुधा उलटा लावलेला आढळतो, आणि मधला दुवा तर पुष्कळदा गाळलेलाच असतो.