पाचशे तबकड्यांची पंगत

माणसाच्या जन्माला ज्या काही याद्या पुजलेल्या आहेत, त्यांत वाण्याची यादी सर्वांत प्रामाणिक. तिच्यात तूरडाळ पहिली आणि हिंग शेवटी असला, तरी तूरडाळ हिंगापेक्षा श्रेष्ठ आहे असा दावा कोणी करीत नाही. संगीताच्या याद्यांत हा साधेपणा नाही. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकानं २००३ साली सर्वकाळच्या सर्वश्रेष्ठ पाचशे आल्बमची यादी छापली. शेकडो गायक-वादक, समीक्षक आणि धंद्यातली जाणती मंडळी यांची मतं मोजून एकेकाला क्रमांक दिला. २०२० साली पुन्हा मतं मागवून यादी नव्यानं केली. ही दुसरी यादी हातात घेऊन मी वरून खाली ऐकायला बसलो.

एका आल्बमला सरासरी ४० मिनिटं धरली, तरी पाचशेंना ३३३ तास होतात. रोज एक म्हटलं तर दीड वर्षाला थोडंच कमी. एवढ्या अवधीत माणूस फ्रेंच शिकेल, निदान घराला रंग तरी लावून घेईल. हे दुसरं मला घरातून रोज सुचवलं जातं. तूर्तास दीडशेपर्यंत पोचलो आहे. नाट्यसंगीतावर आणि रेडिओवरच्या भावगीतांवर पोसलेले कान एवढ्या गिटारी सोसून अजून शाबूत आहेत.

आधी क्रमांकांचं बोलू. २००३ च्या यादीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' (१९६७) पहिला होता. २०२० च्या यादीत तो चोविसावा. मधल्या सतरा वर्षांत त्यातला एक सूर इकडचा तिकडे झालेला नाही! आपल्याकडे बोर्डाची गुणवत्ता यादी लागत असे, तेव्हा पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो पेढ्यासकट पेपरात येई. समजा, सतरा वर्षांनी त्याच उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकांनी तपासल्या आणि त्या मुलाला कळवलं, की बाबा रे, तू चोविसावा! पोरानं काय करावं? पेढे परत मागावेत? तेव्हा क्रमांक तबकडीला दिलेला दिसत असला, तरी असतो तो परीक्षकांचा. फक्त बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) दोन्ही वेळा दुसरा आला. प्रत्येक वर्गात असा एक कायमचा दुसरा असतोच.

नव्या यादीतला पहिला म्हणजे मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१). सुरुवातीलाच चार माणसं जमल्याची गडबड ऐकू येते. मला वाटलं, आमच्याच दारात कोणी आलं. मग सॅक्सोफोन येतो, आणि मग तो आवाज. विषय सगळे अग्रलेखाचे : युद्ध, गरिबी, बिघडलेली हवा, व्हिएतनामहून परतलेला जवान. पण अग्रलेख लिहिणारा माणूस टेबलावर मूठ आपटतो, आणि हा गृहस्थ आवाज खाली आणतो. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही. एकच दुःख खोल्या बदलत हिंडत असतं. मूठ आपटली असती, तर ही तबकडी व्हिएतनामच्या युद्धाबरोबरच संपली असती. ही पहिली असो वा नसो, ती टिकणार आहे.

'पेट साउंड्स'मध्ये सायकलची घंटी वाजते, आणि शेवटी आगगाडी जाते नि कुत्री भुंकतात. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी लगेच जुगलबंदी आरंभली. आवाजावर आवाज असे रचलेत, की चिरेबंदी वाडा पाहावा. एक चिरा हलायचा नाही. पण ज्याला गवयाबरोबर रस्ता चुकायची सवय आहे, त्याला अशा वाड्यात जरा अवघडल्यासारखं होतं. कौतुक पुष्कळ वाटलं. सतरंजी टाकून पडावंसं वाटलं नाही.

ते वाटलं माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या जॅझच्या तबकडीला. दोन बैठकांत मुद्रित झालेली. वादकांच्या हाती पूर्ण लिहिलेलं संगीत न देता जुजबी टिपणं आणि काही स्वरसप्तकं दिलेली, की यातून काय फुलतं ते पाहा. हे आपल्या कानाला सांगावं लागत नाही. ट्रम्पेट एका स्वरावर थांबलं, की आपण नकळत 'वा' म्हणतो. हा राग नव्हे, हे खरं. तंबोरा नाही, समेवर यायची धांदल नाही, आपलं बोलणं झालं की वादक सभ्यपणे बाजूला होतो (हे आमच्याकडच्या काही साथीदारांनी शिकण्यासारखं). पण सावकाश बोलण्यातली श्रीमंती तीच. यादीत हा एकतिसावा आहे. एकतिसावा? वर तीस कोण बसलेत, ते एकदा... पण नको. क्रमांकांबद्दल आताच एवढं बोललो आहे.

ऐकताना एक गोष्ट कळली, ती यादीत लिहिलेली नाही. पूर्वी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या फोटोंच्या आल्बमसारख्या जाड वहीत घालून विकत; त्यावरून 'आल्बम' हे नाव पडलं. १९४८ साली लाँग-प्ले आली आणि एका बाजूला वीसबावीस मिनिटं मावू लागली. बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची (१९६९) पहिली बाजू वाक्य अर्धवट तोडावं तशी एकदम थांबते. पूर्वी माणूस दचकून उठे, तबकडी उलटी करी, सुई ठेवी, आणि मग दुसऱ्या बाजूवर कोवळं ऊन पडे. त्या उठण्याबसण्यातली शांतताही रचनेचाच भाग होती. मोबाइल ती गिळून पुढचं गाणं लगेच वाढतो. गाणी उलटसुलट लावायची सोय तर त्याहून भयंकर. पानात आधी जिलबी, मग मीठ, मग ताकभात, मग लिंबू! पदार्थ सगळे आले, पण त्याला जेवण कोण म्हणेल?

शंभराच्या खाली उतरल्यावर क्वीनचा 'ए नाइट ॲट द ऑपेरा' (१९७५) भेटला. त्यातला गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. जन्म झांजिबारचा, शाळा पाचगणीची! हे कळताच मी खुर्चीत ताठ बसलो. त्याचं ते गाजलेलं सहा मिनिटांचं गाणं आधी विलाप करतं, मग ऑपेरात शिरतं, मग गिटारी फोडतं. संगीत नाटकाच्या तीन अंकांची सवय असलेल्या माणसाला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. मी मनातल्या मनात त्याला शंभर जागा वर नेला. परीक्षक याहून वेगळं काय करतात? प्रत्येकाची एकेक पाचगणी असते.

म्हणूनच 'सर्वकाळची सर्वश्रेष्ठ' या शब्दांशी माझं भांडण आहे. यादी बव्हंशी इंग्रजीत गाते. 'सार्जंट पेपर' निघाला त्याच १९६७ साली आपल्याकडे 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, आणि काश्मीरच्या मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस. एका कल्पनेत अख्खी तबकडी ओवायची, ही गोष्ट तिनं एकही शब्द न उच्चारता केली. या पंगतीत तिचं पान मांडलेलं नाही. यजमानाला दोष देत नाही; प्रत्येक यजमान आधी आपलेच सोयरे बोलावतो. फक्त त्यानं आमंत्रणपत्रिकेवर 'समस्त विश्व' असं छापू नये.

तरी यादीनं माझं भलं केलं. ती नसती, तर मार्विन गे आणि मी एकमेकांना न भेटताच गेलो असतो. निकालपत्र म्हणून ती कुचकामी आहे, आमंत्रण म्हणून उत्तम. पाटावर बसावं, वाढलेल्या क्रमानं जेवावं, अधूनमधून उठू नये. पंगतीत पहिल्या पानावर कोण बसलं होतं, हे हात धुतल्यावर कोणाला आठवत नाही. मठ्ठा कसा झाला होता, हे आठवतं.