बहिर्जी नाइकापलीकडील हेरखातें

मराठ्यांच्या हेरखात्यावर अलीकडे बरेंच लेखन होतें; पण तें बहिर्जी जाधव नाइकापाशीं सुरू होऊन बहुधा तेथेंच संपतें. सभासदाच्या बखरींत सुरतेच्या (१६६४) प्रकरणीं बहिर्जीचा उल्लेख येतो, आणि तो मोलाचा आहे. पुढें वेषांतराच्या ज्या कथा त्याच्या नांवावर जमा झाल्या, त्यांस समकालीन कागद दाखविण्याची तसदी मात्र फार थोडे घेतात.

खरें साहित्य निराळें आहे. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांनीं १९३० पासून छापविले. त्यांच्या जोडीला दिल्लीहून हिंगण्यांचीं व हैदराबादेहून गोविंदराव काळ्यांचीं पत्रें वाचावीं. हे लिहिणारे वेष पालटून हिंडत नव्हते. दरबारांत उघडपणें बसणारे वकील होते. जासूद हा शब्दही कागदांत हेराइतकाच पत्र पोंचविणाऱ्यास लावलेला आढळतो. कोणाचा पगार तुंबला, कोण कोणावर रुसला, हें ज्यास कळे त्यास वेषांतराची गरज काय?

मग उणें कोठें होतें? आमच्या मतें बातमी मिळविण्यांत नव्हे, ती जुळविण्यांत व तोलण्यांत. पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) काय झालें याची पहिली वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांस सावकाराच्या सांकेतिक पत्रांतून लागली, असें ग्रँट डफ सांगतो. सरकारी डाक तुटली, पण सावकारी डाक चालू राहिली! पुढें नाना फडणिसांनीं सर्व धागे एकवटले खरे, पण एका मस्तकांत. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध सरसकट जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. इतकें मात्र खरें कीं, १७८६ सालीं मॅलेट पुण्यास आला तेव्हांपासूनचे वकिलातीचे कागद त्याच्यामागून येणाऱ्यास वाचावयास मिळत. नानांच्या मनांतील ताळेबंद कोणास मिळणार?

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. कारगिलच्या युद्धानंतर (१९९९) सुब्रह्मण्यम समितीनें बातमीच्या संकलनाबरोबर तिच्या समन्वयावर व मूल्यमापनावरही बोट ठेविलें. आतां उपग्रह व यंत्रें यांच्या योगें बातमीची रास वाढतच जाणार. तोलणाराचें काम त्यामुळें हलकें होत नाहीं. १९६८ सालीं स्थापन झालेल्या रॉस २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें मोजके अपवाद सोडून वगळलें आहे, म्हणून तिचा हिशेब आज मांडतां येत नाहीं. पेशव्यांचा येतो, ते कागद पुण्यांतच आहेत. बहिर्जीवर आणखी एक चरित्र लिहिण्याआधीं कोणीतरी हिंगण्यांच्या पत्रांची तारीखवार यादी करावी: पत्र केव्हां लिहिलें, पुण्यास केव्हां पोंचलें, आणि त्यावर हुकूम काय झाला.